अर्थिंग

"मुलासाठी का?" ग्लॅडविनने विचारलं.
धोबीतलावचं दुकान, दुपारचे तीन,
भिंतीवर गिटारी पडवळांसारख्या लोंबत होत्या.
मी हो म्हणाले.
सोपं पडतं.

मग त्याने मुलाची उंची विचारली.
माझ्याएवढीच.
हात?
मी पंजा काउंटरवर ठेवला. एवढा.
तो पंज्याकडे बघत राहिला, बांगडीकडेही,
आणि काही बोलला नाही. शहाणा माणूस.
पहिला बेस भिंतीवरून उतरवला तो
सरळ माझ्या मांडीवर दिला.

लाल, चमकीचा, वरातीतल्या घोड्यासारखा.
वजन असं की डावा खांदा लगेच
रॉकेलच्या डब्यांच्या दिवसांत गेला.
दुसरा पाच तारांचा.
"पुढे उपयोगी पडेल, नाचणेबाई."
पुढे म्हणजे कधी? मला त्रेपन्नावं लागलंय.
चार पुरेत.
तिसऱ्याची मान डोळ्याशी धरली,
आम्ही खांब बघतो तशी, एक डोळा मिटून:
सातव्या फ्रेटपाशी पोक,
आणि बाराव्यावर तारा इतक्या उंच
की खालून उंदीर आरामात गेला असता.

चौथा आखूड मानेचा. भुरकट.
कडेला टवका उडालेला, कोणीतरी परत आणून दिलेला.
बोटं पहिल्या फ्रेटपर्यंत पोचली,
ओढाताण न करता.
ग्लॅडविनने वायर जोडली आणि अँपमधून
गुणगुण आली.

ही मला पाठ आहे.
माझगावच्या सबस्टेशनात चोवीस वर्षं
ट्रान्सफॉर्मरशेजारी बसून डबा खाल्ला.
लोक विचारतात, वेड नाही लागत?
चालू असताना नाही.
बंद पडला की आम्ही सगळे उठून उभे राहतो,
पागधरे तर घास हातातच धरून.

तारांवर तळवा टेकवला.
बाकी तिघांची गुणगुण हात लागताच निवली होती.
अंगातून वाट मिळते तिला.
याची निवेना.
"याचं अर्थिंग सुटलंय," मी म्हणाले.
"ब्रिजखाली एक वायर असेल. बघा उघडून."

त्याने स्क्रू काढले.
होती. कशालाच न टेकलेली,
नुसती बाहेर डोकं काढून बसलेली.
"मुलगा काय करतो म्हणालात?"
"वीजखात्यात आहे," मी म्हणाले,
आणि नऊ हजारांचे सात झाले.
केबल वर. पट्टा त्याच्या स्वतःच्या कपाटातला,
घामाने मऊ झालेला.
अँप नको म्हटलं. उंच सूर भिंत अडवते,
हा भिंतीलाच सोबत घेऊन जातो,
खालच्या मजल्यावर सुळे मॅडमच्या कपात
चहा हलला असता.
हेडफोन घेतला.
दारापर्यंत सोडायला आला, म्हणाला,
"मुलाला सांगा, दोन महिने बोटं सोलतील.
सोडू नको म्हणावं."
सांगते.

रात्री वायर मीच डाखली.
कथलाचा एक थेंब, तांदळाएवढा.
मग ओट्याशेजारच्या स्टुलावर, दिवा न लावता,
एकेक तार छेडली.
जाडीचा आवाज कानात आलाच नाही,
बरगडीत आला.
अजून गाणं कसलंच येत नाही.
बोटांवर फोड आलेत, पागधरे म्हणतो
तव्याला लागलं का,
मी मान हलवते, कशीही.

पण सगळ्यात बारीक तार, मोकळी,
काही न दाबता नुसती छेडली,
तेव्हा मी हेडफोन काढून खिडकीकडे पाहिलं.
ट्रान्सफॉर्मरच.
केसभर उतरलेला, इतकंच.
खुंटी जराशी पिळली, मिळाला.
मग बाकीच्या तीन तिच्या हिशेबाने वर घेतल्या.

फोनवरचं ॲप लाल दिवा दाखवतं:
चारही किंचित चढल्यात.
असू देत.