तीन नमान मारिये

खानापूरच्या इगर्जीत, पापं सांगायच्या रांगेत
माझ्या पुढं इनास होता.
मी भट्टीवरची अकरा कौलं उचललेली;
त्यानं मरत्या भावाचा अंगठा
कागदावर उठवून घेतलेला.
पाद्रींना ते आज कळलं, गावाला कधीचंच.

पायरीवर त्यानं विचारलं,
"तुला किती सांगितल्या?"
"तीन नमान मारिये."
"मलापण तीनच की रे."
बराच वेळ चपला शोधत राहिला,
पायातच होत्या.
"जास्त मागितल्या तर देत नाहीत काय?"

मलप्रभेच्या पुलावर
भावाची बायको पिएदाद, डोक्यावर सरपण.
न बघताच तिनं वाट सोडली,
प्रेताला सोडतात तशी.
इनास तिथंच थांबला.
मी घरी आलो.

आषाढ सरत आला.
त्या अकरातलं एकही कौल
अजून गळलेलं नाही.