षष्ठी

गोबनेट म्हणाली, फाटक नीट लाव, गाभण गाय आहे आत.
दगड बघायचे पैसे नाहीत.

शेताच्या टोकाला तो, माझ्या खांद्याइतका,
गाईंनी अंग घासून एक बाजू गुळगुळीत.
कडेला रेघा: पाच, एक, तिरप्या चार,
गवळ्याने दुधाचा हिशेब ठेवावा तशा.

खालून वर वाचायचं. तिने बोट फिरवून दाखवलं,
नखात माती. एक नाव, मग ‘मुलगा’, मग बापाचं नाव,
आणि प्रत्येकाला षष्ठी.
कुणाचं, ते आहे. काय, ते नाही.

दगड असेल तर चा, जमीन असेल तर ची,
थडगं असेल तर चं:
माझ्या भाषेत आधी वस्तू ठरावी लागते.
हे तिला समजावून सांगता आलं नाही.
जमीन सध्या माझी आहे, ती म्हणाली.

मार्चमध्ये ट्रलीच्या कचेरीत कार्ड काढताना
बाईने विचारलं होतं, मधलं नाव तुझं?
वडिलांचं. धोंडू.
अर्थ नाही विचारला तिने.
आधीची तीन गेली, म्हणून
याला धोंडा म्हणा, धोंडा कोण नेणार.

नेला. भाद्रपदात. मी चीजच्या कारखान्यात
रात्रपाळीला, कानात बोळे, फोन लॉकरमध्ये.

वारा आडवा आला, पाऊस त्याच्या पाठोपाठ.
मी खाचांत अंगठा बसवून पाहिला.

निघताना तिने विचारलं,
इकडची जुनी माणसं नावाच्या आधी विचारतात तसं:
तू कुणाचा?

धोंडूचा, म्हणालो.
कडी बसेना फाटकाची.
तिसऱ्यांदा बसली.