चार बोटं आणि अंगठा

चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत
माझी चार बोटं आडवी मावतात, वर अंगठाही.
मला ती फट बघवत नाही.
ओढा ओलांडताना पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या
माणसासारखी उभी असते माझी जुनी व्होल्वो.
वेसाच्या गाडीत करंगळीसुद्धा जात नाही.
पण वेसा राहतो गावात, डांबरावर,
आणि आमचं घर
डांबर संपल्यानंतर अकरा किलोमीटर.

कॅटलॉगात तीन जातीच्या स्प्रिंगा आहेत:
उणे तीस, उणे चाळीस, उणे साठ.
मिलिमीटरच ते, पण वाचताना हवामान वाटतं.
आमच्या कायनूत उणे तिसाला कानटोपी घालतात,
उणे चाळिसाला गाडीच्या वाटेला जात नाहीत,
उणे साठ
अजून कुणी पाहिलेलं नाही.

मला उणे चाळीस हव्या होत्या.

बाबांनी एकतीस वर्षं नगरपालिकेचा ग्रेडर चालवला.
ते काही बोलले नाहीत. कोठारातून पुठ्ठा आणला,
अंगणात अंथरला, पाठीवर झोपून
लाकडी घडीची पट्टी घेऊन गाडीखाली सरकले.
नोकी मांजर आधीच तिथे होती,
तिने थोडी जागा करून दिली.

खालून आकडे येऊ लागले.
सायलेन्सरचा सांधा सगळ्यात खाली. तेरा.
तेरातून तुझे चार गेले, नऊ.
मागच्या सीटवर हेल्मी आत्या, आठ.
आत्याचं बटाट्याचं पोतं, सात.
मग बराच वेळ नुसते बूट दिसत राहिले.
मग: आणि एप्रिल?

एप्रिल मी धरलाच नव्हता.
एप्रिलमध्ये जमिनीतला बर्फ सुटू लागतो,
हिवाळाभर पाण्याने खालून ढकलत आणलेले दगड
डोकी वर काढतात,
रस्त्याच्या पाठीला कुबडं येतात.
तू गाडी चार सेंटीमीटर खाली आणणार,
बाबा म्हणाले,
रस्ता सहा सेंटीमीटर वर येणार.
भेटाल की मधे कुठेतरी.

वेसा म्हणतो, चाकोरी सोडून चालव.
बरोबरच आहे. लाकडाच्या ट्रकांनी पाडलेल्या
दोन चाकोऱ्यांमध्ये गवताचा वरंबा वाढतो,
चाकोरीतून सरळ गेलं की पोट घासतं.
एक चाक वरंब्यावर, एक कडेच्या मातीवर,
असं तिरपं तिरपं गेलं तर वाचतं.
हे सांगणाऱ्या वेसाचा ऑइल पॅन
मागच्या जूनमध्ये आमच्याच फाटकापाशी फुटला.
तिथे अजून गवत धरत नाही.

शेवटी उणे तीस मागवल्या.
पार्सल आलं तेव्हा केवढंसं वाटलं,
तीन सेंटीमीटर कमी करायला
चौदा किलो लोखंड.
जुनी स्प्रिंग दाबून काढताना
बाबांनी मला दोनदा बाजूला व्हायला लावलं,
स्वतः मात्र झाले नाहीत.
संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरली,
जरा हलली, नवीन खुर्चीत बसणाऱ्यासारखी,
आणि थांबली.
मी हात घातला: तीन बोटं. अंगठा बाहेर.
वेसा म्हणाला, काय फरक पडला?
मला पडला होता. मी तीन वेळा
पेट्रोल पंपाच्या काचेत बघून आलो.

नोकी अजून खाली जाते, पण कान पाडून.

मंगळवारी हेल्मी आत्याला डायलिसिसला न्यायचं होतं.
ती दारापाशी नेहमीसारखी थांबली,
कण्हायची तयारी केली,
आणि बसली सुद्धा. कण्हणं राहूनच गेलं.
पाय आत घेत म्हणाली,
आता आली बाई ही गाडी माझ्या मापाला.
मी काहीच बोललो नाही. बाबांनी ओट्यावरून
कप जरासा वर केला.

मग पोस्टाच्या पेट्यांजवळचं वळण,
तिथला तो उंचवटा, मला पाठ असलेला,
मी वेग कमी केला, डावं चाक कडेला घेतलं,
श्वाससुद्धा आत ओढून धरला,
जणू माझ्या पोटाने गाडीचं वाचणार होतं.

खर्रर्र.

काय रे ते? आत्या म्हणाली.
रस्ता, म्हटलं.