एकवीस सेकंद

मिरजेतल्या दवाखान्यात
जिन्याखालच्या खोलीत माझं टेबल आहे.
इथून रुग्ण दिसत नाहीत, नोंदी दिसतात.
कुठल्या औषधाला कुठे अडवायचं,
कुठल्या पंपानं कधी ओरडायचं,
हे मी ठरवतो. म्हणजे आकडे भरतो.

मालन केरीपाळे सिस्टर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या,
"तुझी ती पिवळी चौकट लई बोलत्या बघ.
तापाची गोळी द्यायची तरी आडवी येत्या.
आता बोट न वाचताच 'होय' दाबतंय,
त्याला मी काय करू?"
मी हसलो. माझ्याकडे कंपनीचं पत्रक होतं:
जितक्या सूचना, तितकी सुरक्षा.

मग थंडीतली ती रात्र. नोंद अशी:
दोन सत्तेचाळीस, नऊ सेकंद. मात्रा मर्यादेबाहेर. पुढे जायचं?
दहा सेकंद. होय.
एकतीस सेकंद. रद्द.

खाट सहा. नाव ठेवायचं होतं अजून,
'आवटी यांचं बाळ' एवढंच.
वजन दोन पूर्णांक चार.
कुणाच्या तरी बोटाखालून टिंब निसटलं
आणि बाळ चोवीस किलोचं झालं,
एका रात्रीत दुसरीच्या वर्गात जाऊन बसलं.
औषधही त्याच मापानं निघालं.

एका सेकंदात 'होय' कसं आलं, मला ठाऊक आहे.
ते मीच शिकवलं होतं, रोज थोडं थोडं.
पुढच्या एकवीस सेकंदांचं मात्र
माझ्याकडे काहीच नाही. रकानाच नाही तसा.

चौकशी संपल्यावर चहा बशीत ओतत सिस्टर म्हणाल्या,
"काय न्हाई रे. सिरिंज भरली, तर हाताला जड लागली.
तासाभरापूर्वीच दुपटं बदललं हुतं त्याचं.
भडंगाच्या पुड्याएवढं पोर, तळव्यावर मावलेलं.
म्हटलं, एवढ्याशाला एवढं?
मग तुझ्या चौकटीत काय लिहिलं हुतं ते आठवाया लागले.
आठवंना.
परत उघडून वाचलं."

परत उघडून वाचलं.
हे तीन शब्द एसटीत उभ्यानं
विश्रामबागेपर्यंत माझ्याबरोबर आले.

तीनशे सूचना बंद केल्या.
सहीसाठी फाइल पाच आठवडे फिरली,
साहेबांनी विचारलं, "उद्या काही झालं तर?"
मी म्हटलं, "झालंच होतं की."

नवजात कक्षातलं 'पुढे जायचं?' खोडलं.
त्या जागी कर्सर बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला.
मग लिहिलं: बाळ हातात घेतलं होतं का?
'होय'चं बटण काढून टाकलं.
खाली कोरी जागा ठेवली.
वजन स्वतः लिहा, टिंबासकट.

परवा नोंदी चाळताना दिसलं,
एकाच रात्रपाळीत चार बाळांचं वजन
दोन पूर्णांक चार.
चौघांचंही.
असेलही.

खुर्ची मागे सरकवली
आणि जिना चढायला लागलो.