तोंड शेवटी

मी दात बनवते. तिबिलिसीत, दिदुबेच्या बाजारामागे,
एका तळघरात. प्लास्टरची धूळ, वितळत्या मेणाचा वास.
माणसं माझ्यापर्यंत येतात ती जबड्यापुरती,
बाकीची डॉक्टरकडेच राहतात.
म्हणून संध्याकाळी मेट्रोत बसले
की मी उरलेलं गोळा करते:
कान, मानेची घडी,
पिशवीचे बंद धरून लाल झालेली बोटं.

वही तळहाताहून जराशी मोठी.
नाद्झालादेवी येईस्तोवर एक चेहरा होतो.
नाही झाला तर तो तसाच उतरून जातो,
अर्ध्या भुवईनिशी.
असे कितीतरी अर्धे आहेत माझ्याकडे.
पेंगणारा एक शिपाई, त्याला हनुवटीच नाही.
चेलोच्या पेटीमागे एका मुलीचं नुसतं कपाळ.
एका बाईला कळलं मी बघतेय,
तिने केस सारखे केले
आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.
बोगद्यात काय दिसणार?

वही उलटी धरली की मागच्या पानापासून
कप्तान तोर्निके.
तो कुणी नव्हे. लहानपणी एका मासिकात यायचा,
गव्हाच्या शेतात जहाज रुतलेला खलाशी,
महिन्याला चार पानं.
मग ते काळोखे हिवाळे आले. वीज गेली, कागद गेला,
मासिक बंद पडलं
"पुढील अंकी" एवढं छापून.
मी नऊ वर्षांची. रॉकेलच्या दिव्याशी बसून
पुढचा अंक मीच काढायला घेतला.
अजून काढतेय.
सोबतीला घड्याळं चोरणारी दारो,
आणि शिंग मोडलेला पोस्टमन बोकड.
जहाज तसूभर हललेलं नाही.
गहू मात्र दर वर्षी कापला जातो,
त्या बाबतीत मी काटेकोर आहे.

स्टेशनच्या दाराशी त्सियाला बसते,
सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया काचेच्या पेल्याने मापते.
गुरुवारी तिने मला पकडलं.
"दाखव."
काही नाही, म्हटलं, हिशेब आहे.
"मग माझा हिशेब दाखव."

अंगठा ओला करून पानं उलटत गेली.
हा उधारीवाला. ही वरच्या गल्लीतली,
नवऱ्याशी बोलत नाही.
मध्येच वही फिरवली, कुठे काय संपलं ते न बघता,
आणि कप्तानावर बोट ठेवलं:
"हा शनिवारी आला होता. अर्धा पेला मागत होता.
अर्धा कोण विकतं?"

मी गप्प राहिले.
खोडायची गोष्ट नव्हती ती.

मग तिला तिचं पान सापडलं.
रुमाल, नाक, पेला, सगळं होतं.
तोंड तेवढं नव्हतं.
तोंड मी शेवटी काढते,
दिवसभर तेच केल्यावर हात नको म्हणतो.
"एकटी का बसवलीस मला?
ह्याच्या शेजारी बसव.
पण ह्यालाही तोंड नाही. बोलणार कसा?"
खरंच नव्हतं. इतकी वर्षं
मी ते पाईपच्या धुरात लपवत आले होते.

तुला दात देऊ का, विचारलं.
"आहेत तेवढेच दे. तीन. मोजून घे."
मोजून घेतले.

कप्तानाचं अडलं.
मग आठवला आमच्या फळीवरचा एक साचा,
चार वर्षं कुणी न्यायला आलं नाही त्याचे दात.
नाव पुसलेलं. खालचा एक दात पुढे आलेला,
रांगेत घुसणाऱ्या माणसासारखा.
तो जबडा मी त्याला दिला.
ज्याचा आहे त्याला मी कधी पाहिलं नाही,
तोही कुठेतरी शेतात रुतला असेल.

तो तिच्याशी काय बोलला, मला ठाऊक नाही.
मी गाडी पकडली.
त्याआधी त्सियालाने पेलाभर बिया
माझ्या कोटाच्या खिशात ओतल्या,
आणि पैसे घेतले, पूर्ण.

वहीही त्याच खिशात असते.
हल्ली पानं उलटताना मीठ खरखरतं.
काल गव्हात एक टरफल सापडलं, काळं, पांढऱ्या रेघेचं.
राहू दिलं.