एसी बंद करून

पहिलं गाणं तिनं कपाटात म्हटलं.
गुदैबियातल्या दोन खोल्या, ऑगस्ट महिना,
आणि माईकला एसीची घरघर चालत नव्हती.
मी एसीवाला. मीच बटण दाबलं.
लटकत्या कपड्यांत शिरून मिथिला गात होती,
दारावर टॉवेल, टॉवेलवर गोधडी,
मी बाहेर घड्याळ धरून:
सहा मिनिटं. त्यापुढं माणूस चक्कर येऊन पडतं,
हे मला कामावरून माहीत.
ती बाहेर आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं
आणि आई म्हणाली,
"चेडवा, न्हालंस कशाक आता?"

अरबी तिला शाळेनं दिली नाही.
शाळेत ती मार्कांपुरती होती.
खालच्या मजल्यावरच्या उम्म राशिदनं दिली,
गळ्यावर बोट दाबून:
ऐन इथून. नाकातून नाही, पोरी, इथून.
ऐन म्हणजे डोळा, ऐन म्हणजे झरा,
आणि आमच्याकडे ऐन म्हणजे
ऐन वेळी, ऐन उन्हात.
तिनं तिन्ही एका ओळीत बसवले.
उम्म राशिदला त्यातलं अर्धं कळलं,
आईला उरलेलं अर्धं.
दोघी जिन्यात उभ्या राहून
एकमेकींना समजावत होत्या,
कुठल्या भाषेत, देव जाणे.

अदलियातल्या कॅफेत पहिल्या रात्री सहा माणसं,
दोन वेटर धरून.
मानधन म्हणून एक चीजकेक.
तो आम्ही गाडीत बसून खाल्ला,
चमचा एकच होता.

मग दुबईहून एक गृहस्थ आले,
उदाचा वास आधी, ते मागून.
म्हणाले, अरबी ठेव. हिंदी घाल, बाजार मोठा आहे.
ही मधली कुठली? ही काढ.
मिथिलानं करक चहा तळापर्यंत संपवला
आणि विचारलं, तुमच्या स्टुडिओतले एसी कोण बघतं?
आमचा दादा चांगला आहे.
ते काम मला मिळालं नाही.
तिलाही नाही.

नऊ वर्षं झाली. तिच्या ओळखपत्रावर अजून
रिसेप्शनिस्ट, दातांचा दवाखाना.
सकाळी रूट कॅनालच्या तारखा देते,
त्याच वहीच्या मागच्या पानांवर
एक ओळ उजवीकडून येते, एक डावीकडून,
मधे कुठंतरी धडकतात,
तिथं ती कप ठेवते.

कंपनी बुडाली तेव्हा बाबा आईला घेऊन देवबागला गेले.
फोनवर विचारतात, पगार वाढलो?
गाण्याचं विचारत नाहीत.
पण रिंग तिच्याच गाण्याची लावलीय,
आई सांगते, म्हणून उचलायला उशीर करतात.

परवा मुहर्रकला, जुन्या धक्क्याजवळ, उघड्यावर,
चारशे खुर्च्या. लावल्याच मी.
तेच कपाटातलं गाणं: खल्ल-इल-बाब मफ्तूह,
दार उघडं ठेव, बाहेर काळोख आहे.
पुढच्या रांगेतल्या बहरैनी मुली,
अबायाखाली पांढरे बूट,
तिच्याबरोबर म्हणू लागल्या,
कालोख. बाहेर कालोख आहे.
पहिल्या वेळी मिथिलानं ळ मुद्दाम ठासून म्हटला,
जीभ पार टाळूला नेऊन, मराठीच्या बाईंसारखा.
दुसऱ्या वेळी माईक त्यांच्यासमोर धरला.
तिसऱ्या वेळी तीही म्हणाली, कालोख.

चारशे माणसांत एकट्या मला लागलं.
का, ते सांगता येत नाही. मी काही मास्तर नाही,
मी गॅस भरतो.

येताना पुलावर ती गप्प.
मागं स्पीकर, केबलींचं भेंडोळं,
काचा खाली, कारण माझ्याच गाडीचा एसी
तीन आठवडे बंद आहे.
विचारणार होतो. विचारलं नाही.
काटा शंभरच्या पुढं सरकला तेव्हा
डोळे न उघडता तिनं सांगितलं,
"दादा, हळू चलय."

मी हळू केली.
मग पुलाच्या शेवटाला
पुन्हा दाबली,
अजून एकदा म्हणेल म्हणून.