कोट फायनल तीन

आमच्या स्टुडिओत एक कोट आहे
ज्याला हँगर लागत नाही.
नेव्ही ब्लू, आत पांढरा शर्ट, मरून टाय,
आणि मान असते तिथे
करड्या-पांढऱ्या चौकटी.

मंगळवार पेठेतले निम्मे पुरुष
हा कोट घालून परदेशी निघाले होते,
निदान पासपोर्ट ऑफिसपर्यंत.
आयटीआयची पोरं, दोन गुरुजी,
टेम्पोवरचा एक क्लीनर, ज्याच्या बायोडेटात
'ट्रान्सपोर्ट व्यवसाय' होतं.
टी-शर्टवर येतात, घाम पुसतात,
कंगवा मागतात, हनुवटी उचलतात,
"कोट टाकाल ना, ताई?"
टाकते. तीस रुपये जास्त.

बारा वर्षं मी माणसांच्या कडा घासतेय.
देवीचे व्रण बुजवते.
आई शेजारी उभी राहून सांगते तशी
मुलगी दोन छटा उजळ करते;
मग मुलगी एकटीच येते,
हेल्मेटसुद्धा न काढता म्हणते,
"मला परत होते तशी करा.
बघायला येतात ना, दारातच घोटाळा होतो."
तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.
मागे यायला दोन बटणं लागतात फक्त.

गेलेल्यांचं काम जास्त वेळखाऊ.
ते नेहमी घोळक्यात असतात,
कुणाच्या तरी बारशात, हातात आइस्क्रीमचा कप,
आणि खांद्यावर दुसऱ्याचा हात.
तो हात पुसावा लागतो.
बोटं एकेक करून जातात.
अंगठा राहिला की मी जरा थांबते,
उगाच,
पाणी पिऊन येते.
मग कोट टाकते.
कोटाखाली कुणाचाही हात झाकतो.

परवा ताकवले आले, पीएमटीच्या पाससाठी.
ज्येष्ठ नागरिक. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स, चार घड्या घातलेली.
नगरकर शेठ माझ्या कानाशी आले,
"हेच ते. कोटवाले.
ह्यांचंच मुंडकं उडवलंय आपण."

मला वाटलं, आज माउस हलवायला नको.
आजवर प्रत्येकाला ताणून बसवला,
ह्यांना आपसूक बसेल.
बसला नाही.
खांदे दोन्हीकडून बोटभर बाहेर,
कॉलर आणि गळा ह्यांच्यात फट,
जणू मान काहीतरी आठवून मागे सरकली.
मी कोट आत घ्यायला लागले,
तोंडात टाचण्या नसताना
शिंप्यासारखे ओठ मिटून.

ताकवल्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"अरेच्चा! हा तर तो कोट."
शेठ एकदम ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागले.
"तुमचाच ना, काका?"
"माझा कुठला! भाड्याचा.
मेव्हणीच्या रिसेप्शनला आणलेला.
परत करायला दोन दिवस उशीर,
लबाडाने चाळीस रुपये दंड घेतला.
बाहीचं अस्तर आधीच फाटलेलं होतं,
तेही माझ्यावर ढकललं."
मग स्क्रीनजवळ वाकून, हळू आवाजात,
"दिसतंय का फाटलेलं?"
"बाहीपर्यंत फोटोच नाही, काका."
"मग ठीक."

थोड्या वेळाने म्हणाले, "काढा तो.
बसमध्ये कोण कोट घालतं?
कंडक्टरला ओळखू यायला पाहिजे."
मी लेअरशेजारचा डोळा मिटला.
खालून त्यांचा शर्ट वर आला,
चौकड्यांचा, खिशापाशी शाईचा डाग.
"हा काढू?"
"बायकोनं लिंबू लावून बघितलं, रॉकेल लावून बघितलं.
तुम्ही एका मिनिटात काढलात
तर तिला काय वाटेल?"

आठ फोटो, चाळीस रुपये.
त्यांनी सुटे दिले, मोजून,
आणि दंडाएवढेच झाले म्हणून
एकटेच हसले.

बंद करताना मशीनने विचारलं,
बदल जतन करायचे का?
मी नेहमीच्या घाईत हो म्हटलं.

संध्याकाळी जिमवाला पोरगा आला,
सिक्युरिटीच्या नोकरीसाठी, दंड फुगवून.
कोट उघडला
तर खांदे ताकवल्यांचे.